मागितल्या दोन, दिल्या पाच

राजूरच्या चावडीत तहसीलदार साहेबांच्या बुटांचा चिखल मी माझ्या उपरण्याने पुसत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. हैदराबादहून आलेला त्यांचा इंजिनियर पाहुणा माझ्याकडे बघून इंग्रजीत एक शब्द बोलला. ऑब्सीक्वियस.

मी उठून हात जोडले. "मेहरबानी, हुजूर."

दोघे इतके हसले की पाहुण्याचा चहा बशीत सांडला. मीही हसलो. घरी सांगितलं, साहेबलोकांनी शाबासकी दिली. इंग्रजीत.

आठ दिवसांनी जालन्याला इंग्रजीच्या मास्तरांना अर्थ विचारला.

"आज्ञाधारक वेगळा. तो सांगितलेलं करतो. हा हुकमाच्या आधीच वाकतो, मागितल्याहून जास्त देतो. भल्या माणसाला हा शब्द लावत नाहीत."

"वाक्यात कसा वापरायचा?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग वह्या तपासायला घेतल्या.

वाक्य मला ठाऊक होतं. निजामी राज्यात साहेब दौऱ्यावर निघाले की सामानासाठी गावातून बेगारीच्या गाड्या धरायच्या. फुकट. नावं मी लिहायचो, कचेरीचा कारकून. पाहुणा आला त्या दौऱ्याला साहेबांनी दोन मागितल्या होत्या. मी पाच उभ्या केल्या. तीन रिकाम्याच मागे चालल्या, चार दिवस. शोभेला.

पाचवी गणपाची. त्याच्या रानाला वाफसा आला होता, पेरणीजोगी ओल. "भाऊसाहेब, पेरून राह्यलो. आजचा दिस सोडा, उद्या म्या सोता जुंपतो." मी दरडावलं. तो परतला तेव्हा ओल उडून गेली होती.

मास्तरांकडून आलो तो थेट त्याच्या दारी गेलो. माफी मागितली. गणपा बैलांपुढे कडबा टाकत राहिला. आतून त्याची बायको म्हणाली, "माफी आणली का? मंग पेरू तिला का दळू?"

पुढच्या दौऱ्याला साहेब म्हणाले, "दो गाडियां."

मी लेखणी खाली ठेवली. "नावं मी लिहिणार न्हाई."

"अरे, दो ही तो मांगी!" त्यांना खरंच नवल वाटलं. मग म्हणाले, "नौकरी जाएगी."

गेली.

गणपाचं शेत त्या साली पडीक राहिलं. माझी नोकरी गेल्याने ते भरून निघालं नाही. कुणी मला शाबास म्हणू नये. दोन गाड्यांचा जाब साहेबाने द्यावा. तीन माझ्या होत्या. यापुढे कुणाचाही हुकूम घेऊन मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही.