सेफ्टी फोल्डरचं कुलूप

लोणावळ्याच्या आमच्या ऑफिसात मी भांडकुदळ म्हणून ओळखली जाते, आणि ते खोटं नाही. सगळ्यांचा कोड जिथं एकत्र राहतो त्या रिपॉझिटरीत कुणी कुठल्या फोल्डरला हात लावायचा, हे ठरवणारी फाइल माझ्या ताब्यात. ‘सेफ्टी’ फोल्डर तर मी सगळ्यांना बंद केलं होतं. कामशेतपुढच्या कान्हे गावाजवळच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनखाली माणसाचा हात गेला, तर वरून दाबत येणारा लोखंडी ठोकळा, म्हणजे रॅम, किती वेळात थांबावा, तो आकडा त्यात होता. वाचा हवं तेवढं, बदलायचं तर माझ्याकडे या. लोक चिडायचे. मला ते आवडायचं, खरं सांगते.

त्या सोमवारी भुशीकडून चढलेल्या धुक्यात समोरची इमारतही दिसेना. मी सहज मागच्या आठवड्याच्या नोंदी चाळत होते. सेफ्टीतला आकडा गुरुवारी बदललेला होता. नव्यानं लागलेल्या मुलीनं.

आधी विश्वासच बसेना. मग नीट पाहिलं. तिनं कुलूप तोडलंच नव्हतं. कामासाठी तिनं अख्ख्या प्रोजेक्टची वेगळी प्रत काढली होती, आमच्या भाषेत ब्रांच. माझा नियम मूळ जागेपुरताच लिहिलेला, त्यामुळे प्रतीतलं सेफ्टी फोल्डर सताड उघडं. चाचणीपुरता तिनं आकडा तिप्पट केला, आणि शुक्रवारी मशीनवर चढली ती नेमकी हीच प्रत. चूक तिची नव्हती, माझी होती.

ते मशीन चालवणाऱ्या मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. सुपरवायझरचाही तसाच. मशीनच्या आवाजात तिथं फोन ऐकू येत नाही, हे ठाऊक असूनही मी जागेवरून उठले. स्कूटर काढली. कामशेत येईपर्यंत डोळ्यांसमोर फक्त मामांचा उजवा हात होता.

प्रेस धाडधाड चालू होती. “बंद करा!” असं ओरडतच मी आत शिरले. मामांनी बटण दाबलं आणि हात पुसत पुढे आले. दोन्ही हात. मला तिथंच रडू फुटलं.

“ताई, शुक्रवारपास्नं रॅम लय उशिरा थांबतोय,” ते म्हणाले. त्यांच्या उजव्या बाहीचं टोक फाटून गेलं होतं.

“मग बोलला का नाहीत, मामा?”

“तुमीच म्हनला हुतात की, त्या आकड्याला तुमच्याबिगर कुनी हात लावू शकत न्हाई. म्हनलं, मशीन बरोबरच असंल, माजाच हात मंद झालाय. तवापास्नं लवकर काढायची सवय करत हुतो.”