मागच्या दाराची सावली

"आणखी वाक जरा, बाळ. हात पुढं कर. मागितल्यासारखा."

पेंटर म्हणाले आणि मी वाकले. हात पुढं केला.

सातवीत होते. डावा पाय पोलिओनं गेलेला, त्याला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. शाळेचा नवा हॉल तयार होत होता आणि त्याच्या एका बोर्डासाठी 'तसली', म्हणजे अपंगाची, आकृती हवी होती. मुख्याध्यापकांनी मला वर्गातून बोलावून घेतलं. पेंटरनी पत्रा भिंतीला टेकवला, माझी सावली त्यावर पडेल असं मला उन्हात उभं केलं आणि सावलीच्या कडेनं खडू फिरवला. मी ताठ उभी होते. ताठ सावली त्यांना चालेना.

"असं न्हाय. अपंग दिसाय पायजे की."

वर्गाच्या खिडकीत डोकी जमली होती. "ए, दहा पैसे दे रे तिला!" कुणीतरी ओरडलं. आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोलायला बंदी होती. चिडवायला मात्र सगळ्यांना मराठीच लागायची. मुख्याध्यापक हसले. मी तशीच वाकून राहिले. शाळेत आम्हाला 'येस सर' शिकवलं होतं, तेवढंच मला येत होतं.

बोर्ड लागला. पिवळ्या रंगावर काळी सावली. पसरलेल्या हातापुढं बाण. खाली 'अपंगांनी मागील दाराने यावे.' आणि कोपऱ्यात, सगळे पेंटर घालतात तसं, पेंटरचं नाव.

गॅदरिंगला मी त्या बाणानं गेले. तुटक्या खुर्च्या, मुतारीचा वास, मग अंधारातून एकदम स्टेजची बाजू. घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "दार तर हाय न्हवं? जायचं गप."

शाळा सुटली, सावली सुटली नाही. दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिलं की मी आधी हात बघायची. पसरलेला तर नाही ना? बसमध्ये कंडक्टरकडून तिकीट घेतानाही हात पुढं करायला नको वाटायचं. ओढणीत हात गुंडाळून ठेवायची सवय लागली, ती अजून आहे.

पुढं कमर्शियल आर्ट केलं. राजारामपुरीत एका बोर्डांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसू लागले. ब्रश जाऊन फ्लेक्स आले होते. मालक मला 'इंग्लिश मॅडम' म्हणायचे. मी हसून घ्यायची.

एके दिवशी शाळेचे एक ट्रस्टी आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पत्रा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. मी कागद सोडला.

ती होती. गुडघ्यापाशी गंजलेली.

"असाच नवा पायजे," ट्रस्टी म्हणाले. "हॉस्टेललाबी एक लावायचाय."

दोन दिवसांनी ते आले तेव्हा मी वेगळी आकृती दाखवली. तोच कॅलिपर, बगलेत कुबडी, पाठ सरळ. बाण पुढच्या दाराकडं.

"पुढं पायऱ्या हायत की!"

"उतार बांधा."

"समोरनं पावणं येत्यात, मॅडम. शोभा जाती. आन् ह्यो अपंग वाटतोय व्हय? ह्यो तर मोर्चाला निघालाय."

मालक खो खो हसले.

मी पत्र्यावर बोट ठेवलं. "ही मी आहे. तुमच्या शाळेत उभं करून काढलेली."

त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं. मग पत्र्याकडं. तोंडाकडं नाही.

"मग लई सोपं झालं की! परत उभ्या ऱ्हावा. फोटोच काढू. जरा वाकून."

"नाही."

माझाच आवाज. मी तो तेवढ्या जोरात कधी ऐकला नव्हता.

"उभी राहणार नाही. हा बोर्डही करणार नाही."

"अगं मॅडम, गिऱ्हाईक हाय," मालक कुजबुजले. मी पर्स घेतली आणि बाहेर पडले. परत गेले नाही.

बोर्ड झालाच. मालकांनी केला. आता कोपऱ्यात त्या दुकानाचं नाव आहे आणि सावली चकचकीत प्लास्टिकची आहे. तिला गंज लागणार नाही. हॉलवरून जाताना ती हात पसरून उभी दिसते आणि ओढणीतली माझी बोटं घट्ट आवळतात.

सावली त्यांच्याकडं राहिली. पाय माझ्याकडं आहे. त्या हॉलमध्ये आता जाईन ती समोरूनच. पायरीवर बसत, कॅलिपर ओढत, पावण्यांच्या देखत. मला वेळ लागेल. मागच्यांनी थांबावं. कुणी उचलायला आलं तर सांगेन, हात नको.

उतार बांधा.