मागून मारलेली हाक

इथले भुताखेतांचे किस्से मी आजवर हसत हसतच वाचत आलोय. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, अमावास्येला स्मशानावरून सायकल नेली... काही भेटलं नाही. तरी हे लिहितोय, कारण ज्याच्याशी बोलावं तो माणूस फार लांब आहे.

साल शहाण्णव किंवा सत्त्याण्णव. मोखाडा तालुक्यात सूर्यमाळला मी शिक्षक होतो, शाळेमागच्या खोलीत राहायचो. घर जव्हारला. आईवडील लवकर गेले, धाकट्या दिनूला मीच वाढवला. त्या भानगडीत माझं लग्न राहूनच गेलं. एसीचं काम शिकून दिनू आखातात निघाला, तेव्हा घरात मला बोलायला दुसरं कोणी उरणार नव्हतं.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. काम अडतं म्हणे. मी मानत नाही, पण पाळतो — पाळायला काय जातंय! दिनू निघाल्यावर बघतो तर खुरासणीच्या चटणीचा डबा ओट्यावरच राहिलेला. धावत स्टँड गाठला. तो एसटीची पायरी चढत होता, पाठमोरा. नुसतं 'दिनू' म्हटलं असतं तरी वळला असता. नाही म्हटलं. विज्ञानाचा मास्तर डबा धरून मुकाट उभा राहिला! एसटी गेली आणि मला रडू आलं.

मुंबईत दोन दिवस थांबून तिसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं. उन्हाळ्यात आमची शाळा सकाळची, म्हणून दुपारी मी विहिरीवर होतो. पाणी तळाला गेलेलं, झिरपेपर्यंत बसून राहायचं. शेजारी पाड्यावरची जानकी आजी कळशी घेऊन बसलेली. खरं सांगतो, त्या क्षणी मनात दिनू नव्हता. आणि एकदम माझ्या तोंडून हाक निघाली — "दिनूऽऽ! थांब!" इतकी मोठी, की घसा दुखला.

आजी दचकली. "मास्तर, कुनाला हाक मारलीस?"

"भावाला. आज विमानात बसायचाय तो."

तिनं कपाळाला हात लावला. "वाटंला लागल्या मानसाला मागून हाक मारू नाय रं... आता थांबंल तो."

तेवढ्यात रस्त्यावर दुपारची एसटी आली.

संध्याकाळी रेडिओवर दिनूच्याच विमानाची बातमी. विमान धावपट्टीवर वेगात असताना इंजिनात बिघाड झाला, वैमानिकानं उड्डाण रद्द करून ब्रेक मारले, टायर फुटले, विमान धावपट्टी सोडून मातीत रुतलं. बरीच माणसं जखमी. हे आपल्या हाकेनं झालं, असंच वाटत राहिलं. विज्ञान कुठल्या कुठे गेलं.

दोन दिवसांनी दिनू घरी आला, हात गळ्यात बांधलेला. मी विहिरीचं काही सांगायच्या आत तोच म्हणाला, "दादा, विमान पळत होतं आणि मागून तुझी हाक आली. दिनू, थांब. मी खिडकीपाशी होतो, शेजारची सीट रिकामी. तिकडे कलंडून मागं बघितलं, तेवढ्यात ब्रेक लागला. वरचा सामानाचा कप्पा माझ्या जागेवरच कोसळला. सरळ बसलो असतो तर डोक्यातच पडला असता."

विमानात त्याला 'दिनू' म्हणणारं कोणी नव्हतं. वेळ विचाराल, तर विमान दुपारी सव्वा वाजायच्या सुमाराला पळत होतं आणि आमची एसटी सव्वाला यायची. म्हणजे यायला हवी. एसटीच्या वेळेवर मी शपथ घेणार नाही.

तीन महिन्यांनी तो पुन्हा निघाला. या वेळी डबा आठवणीनं दिला. एसटीच्या पायरीवर तो पाठमोरा उभा राहिला... जरा जास्तच वेळ. कंडक्टर ओरडला तरी हलेना. मी हाक मारली असती तर तो राहिला असता, हे मला स्वच्छ कळत होतं. आणि मला तो हवा होता हो! मी तोंडावर हात दाबून धरला.

तो तिकडेच स्थिरावला. दोन-तीन वर्षांनी येतो, आठ दिवस राहतो.

विमान का थांबलं ते चौकशीत निघालं. हाकेचं काय, ते कोणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मला अजून सुचलेलं नाही. विहिरीवर मारली ती हाक माझी नव्हती. माझी होती ती स्टँडवरची... आणि ती मी मारलीच नाही.