चार बोटांची फट

"मी चालले की यांची सुई हलते," सुशीलाबाई एकदा शेजारणीला म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना लाजल्या होत्या.

तेव्हा त्या कराडहून चंदीगडला नव्यानेच आल्या होत्या. नवरा, लक्ष्मीकांत, सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचा आणि घरी मागच्या खोलीत स्वतःचा एक तराजू जुळवत बसायचा. केसाचंही वजन सांगेल असा. बाई ओट्यापासून देवघरापर्यंत गेल्या तरी सुई थरथरायची. मग दार उघडायचं. "सुशीला, जरा हळू." दिवसातून कितीदा तरी. बाई टाचा उचलून चालायला शिकल्या. वडील गेल्याचा फोन आला तेव्हाही त्या जागच्या जागी उभ्या राहून रडल्या. आत वजन चाललं होतं.

पुढे लक्ष्मीकांतांनी त्या खोलीची जमीनच घरापासून तोडली. खोल खणून वाळूवर काँक्रीटचा ठोकळा ओतला आणि चहूबाजूंनी चार बोटांची फट ठेवून तीत वाळू भरली. "आता खुशाल नाच," ते म्हणाले. सुई हलायची थांबली. दारही उघडायचं थांबलं. आधी निदान रागवायला तरी बाहेर यायचे, हे बाईंच्या उशिरा लक्षात आलं. कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं ते.

तराजू काही पुरा झाला नाही. निवृत्तीनंतर केव्हातरी भंगारात गेला.

यंदा बाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले. जिना चढवेना. आयटी पार्कात नोकरीला असलेल्या हेरंबने, त्यांच्या मुलाने, घर दुरुस्तीला काढलं. आईला तळमजल्यावरची ती मागची खोली द्यायची, आणि सगळीकडे सलग टाइल्स, म्हणजे वॉकर कुठे अडायला नको. टाइल्स बसल्या आणि त्या खोलीच्या दारात आडव्या तडकल्या. उखडून नव्या बसवल्या, त्याही तिथेच तडकल्या. मिस्त्रीने खाली खणून पाहिलं.

"बाऊजी, ये कमरा तो घर से जुड़ा ही नहीं है."

"मला कोणी विचारलं?" लक्ष्मीकांत म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"ठोकळा फोडून टाकू, बाबा."

"असली जमीन अख्ख्या चंदीगडात नाही. फट तशीच ठेवा, वरून पट्टी टाका. ओलांडेल ती."

"वॉकर घेऊन?"

"चार बोटं तर आहेत."

"अहो, आता तिथे काय तोलायचंय?" बाई म्हणाल्या. "मीच तर झोपणार आहे."

लक्ष्मीकांत स्वयंपाकघरात गेले आणि परात भरून पाणी घेऊन आले. रिकाम्या खोलीच्या मधोमध त्यांनी ती ठेवली, आणि शेजारी उकिडवे बसले.

"आता चाल. बाहेरून. जोरात."

उभ्या जन्मात त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं होतं. बाई चालल्या. वॉकर आपटत, गुडघ्यांतून कळा येत असताना, पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्री बाजूला सरला. फळीवरच्या बरण्या किणकिणल्या.

"आई, पुरे," हेरंब म्हणाला.

धापा टाकत त्या दारात येऊन थांबल्या. परातीत छताचा बंद पंखा दिसत होता, तिन्ही पाती स्वच्छ. लक्ष्मीकांत पाण्यावर वाकलेले होते.

"बघ," मान वर न करता ते म्हणाले. "अजूनही काही पोचत नाही."

बाईंनी बघितलं. मग वॉकर वळवला, आणि टाचा पुऱ्या टेकवत, पॅसेजमधून, अंगणातून, बाई फाटकाबाहेर गेल्या.