तिसऱ्या इशाऱ्यानंतरचे तीस दिवस

प्रयोगांत अणूहून लहान कणांच्या टकरी घडवतात, त्यांची माहिती एवढी अवाढव्य असते की एका इमारतीत मावत नाही. म्हणून ती साठ केंद्रांत वाटून ठेवतात. त्यातल्या एका केंद्राच्या थंडगार तळघरात ही माहिती साठवलेल्या टेपांची कपाटं सांभाळत टेपताईनं सव्वीस वर्षं काढली, बारा महिने स्वेटर घालून. विश्व कशाचं बनलंय हे वरच्या मजल्यावर ठरे. त्यावर धूळ बसू नये हे खाली.

अकरा वर्षांपूर्वी वरच्या एका प्राध्यापकांनी स्वतः सही करून जुनी टेप पुसायला लावली. पुढे तीच लागली, तेव्हा भर बैठकीत म्हणाले, बाईंच्या हातून चूक झाली. बैठकीला तळघरातल्यांना बोलावत नसत. टेपताईची बढती गेली. नवरा म्हणाला, सोडून दे. नणंद म्हणाली, सोडू नकोस, पण घाईही करू नकोस. नणंदेशी तिचं आयुष्यात एवढ्या एकाच बाबतीत पटलं.

केंद्राचा नियम असा: जागा कमी पडली की टेपेच्या मालकाला तीन इशारे जातात. तिसऱ्यानंतर तीस दिवस उत्तर नाही, तर टेप पुसण्याच्या रांगेत. खालची पत्रं वाचायची प्राध्यापकांना सवय नव्हती. टेपताईला ती सवय ठाऊक होती. यंदा त्यांच्या दुसऱ्या एका टेपेसाठी तिनं तिन्ही इशारे वेळेवर, शुद्धलेखन तपासून पाठवले, आणि एकतिसाव्या दिवशी टेप रांगेत लावली. अगदी शेवटी.

आठवड्यानं ते पातळ शर्टात कुडकुडत खाली आले. त्याच टेपेची दुसऱ्या केंद्रातली प्रत खराब निघाली होती.

"ताई, सात वर्षांचं काम आहे हो."

टेप शाबूत आहे, असं सांगून तिनं परत मागण्याचा फॉर्म पडद्यावर उघडला. त्यात कारण लिहावं लागतं, आणि फॉर्म साठही केंद्रांना जातो.

"यंत्राचा बिघाड लिहू?"

"का? यंत्राला तोंड नाही म्हणून?"

त्यांनी लिहिलं, तिन्ही इशारे मी वाचले नाहीत. टेपताईनं शांतपणे अकरा वर्षांपूर्वीचा सहीचा कागद त्याला जोडला.

"ह्याचंही कारण लिहा. जागा आहे."

त्यांनी तेही लिहिलं: ती टेप मीच पुसायला लावली, चूक बाईंची नव्हती.

ते जिना चढेपर्यंत तेरा केंद्रांची पोच आली. उरलेल्या सत्तेचाळिसांची आल्याशिवाय टेपेला हात लावायचा नाही, असं टेपताईनं ठरवलं, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.