पायाळूचा पाय आणि आईची कंबर

माझ्या उजव्या पायाला आमच्या करडी गावात माझ्यापेक्षा जास्त मान आहे. मी जन्मलो तेव्हा आधी माझे पाय बाहेर आले आणि डोकं मागाहून. अशा माणसाला पायाळू म्हणतात. कोणाची कंबर धरली किंवा पाठीत चमक भरली, तर पायाळूने त्या जागेवरून पाय फिरवायचा आणि दुखणं उतरतं, असं गावात सगळे मानतात. त्याची रीतही ठरलेली आहे. सकाळी उठून चूळ भरायच्या आत, कोणाशी एक शब्दही बोलायच्या आत पाय लावायचा. दुखणारा माणूस अंगणात पालथा पडतो. मी भिंतीला धरून उभा राहतो आणि त्याच्या कमरेवरून हळूहळू पाय खाली ओढतो.

मी भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शनिवारी गावाला आलो की वाटायचं, कोणी तरी विचारेल, तिथे काय शिकवतात, जमतं का तुला. पण रविवारी पहाटे दार उघडलं की अंगणात कोणी ना कोणी कंबर धरून बसलेलंच असायचं. शेजारचे काकाजी तर दर पंधरवड्याला यायचे. पालथे पडल्या पडल्या त्यांचं सुरू व्हायचं.

"थोडा डावीकडे घे बाबू. अजून. हां, तेथीच. बोलू नको, असर जाते. कॉलेजात काय शिकून राहिला यंदा? बोलू नको म्हनलं ना."

माझा या गोष्टीवर विश्वास आहे का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पुष्कळ लोक उठून म्हणायचे, हलकं वाटते. मीही मग फार विचार करत नसे. पाय धुवायचो, चूळ भरायचो आणि चहा प्यायचो.

परीक्षा संपवून मी उन्हाळ्यात घरी आलो आणि त्याच आठवड्यात आई पडली. शेणखताची टोपली डोक्यावर घेऊन ती धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालली होती. पाय घसरला आणि ती खालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, बसकण मारल्यासारखी आदळली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण कमरेचे स्नायू चांगलेच दुखावले होते. व्यायाम आणि मालिश शिकवणाऱ्या मॅडमकडे आम्हाला पाठवलं. मॅडमनी शेकायचं कसं ते सांगितलं, पडल्या पडल्या करायचे व्यायाम दाखवले आणि मग मला पुढे बोलावून मालिश शिकवली. मणक्याच्या हाडावर जोर द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंनी तळहाताने खालून वर जायचं, अंगठे खुपसायचे नाहीत, आणि दुखलं तर थांबायचं.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"रोवन्याले वाकता येईन का जी, मॅडम?"

रोवणा म्हणजे धानाची लावणी. आमच्याकडे बायांच्या टोळ्या असतात, आणि आमच्या टोळीत आई पुढची. ओळीच्या कडेला ती लागते, तिने पहिलं रोप चिखलात खोचलं की बाकीच्या वाकतात. कोणती बांधी आधी, जेवायला कधी बसायचं, हे सगळं तीच ठरवते. तिचं लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा ओळीच्या शेवटी होती. पुढे यायला तिला कितीतरी पावसाळे लागले.

मॅडम म्हणाल्या, "रोज मालिश आणि व्यायाम केलात तर येईल. पण वाकायच्या आधी मला दाखवून जायचं."

गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "मालिश करत राह्य तू. पन उद्या सकाळी मले पाय लाव."

मी नाही म्हणालो. चुकून कोणाला पाय लागला तरी आपण हात लावून पाया पडतो. आईच्या अंगावर पाय ठेवायचा म्हणजे कसं? मला ते जमण्यासारखं नव्हतं. पण घरी आल्यावर हा विषय आमच्या अंगणात असा काही रंगला, की जणू गावाची सभाच भरली होती.

"साऱ्या गावाले पाय लावून राहिला," आई खाटेवरून म्हणाली, "अन् ज्या बाईनं तुले उलटा काढला तिले नाही? तरास मले, गुन गावाले."

"आई, तू आई आहेस."

"नऊ महिने आतून लाथा मारल्या तवा नव्हती का आई?"

बाबांना वाटलं, पाय साबणाने धुऊन लावला तर चालेल. शेजारची मावशी, जी रोवण्यात आईच्या बाजूलाच लागते, तिने सुचवलं की पलीकडच्या गावात एक म्हातारा पायाळू आहे, त्याला बोलवावं. आईने तिच्याकडे असं पाहिलं, की मावशीने आपणहूनच विषय सोडला.

"घरी पायाळू ठेवून परक्या बुढ्याचा पाय लावून घेऊ मी? लोक काय म्हनतीन?"

शेवटी ठरलं काहीच नाही. मी मोहाच्या बियांचं तेल कोमट केलं आणि हाताने मालिश सुरू केली.

पहिल्या दिवशी माझा हात फारच भीत भीत फिरत होता. आई उशीत तोंड खुपसून म्हणाली, "पोळीले तूप लावून राहिला का?" दुसऱ्या दिवशी मी जोर लावला, तर म्हणाली, "आता कनिक मळून राहिला." मॅडमनी सांगितलं होतं म्हणून मी दर थोड्या वेळाने विचारायचो, दुखतं का, इथे दुखतं का.

"दुखते म्हनूनच पडली ना मी येथी. तुमच्या कॉलेजात असेच विचारत राह्यते का मास्तर?"

मालिश बघायला बाया येऊ लागल्या. ओसरीवर बसून त्या तांदूळ निवडत आणि माझ्या हाताकडे लक्ष ठेवत. एकीचं म्हणणं, याची बायको सुखात राहील. दुसरी म्हणाली, आधी नोकरी तर लागू दे, नाही तर हाच धंदा करावा लागेल. माझे कान तापायचे. मान खाली घालून मी मणक्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर, खालून वर, हात नेत राहायचो. हळूहळू मला हाताखालचं कळायला लागलं. डाव्या बाजूला एक जागा दोरीची गाठ पडल्यासारखी कडक होती. तिथे तळहात नुसता ठेवून थांबलं, की काही वेळाने ती सैल व्हायची आणि आई लांब श्वास सोडायची. त्या वेळी ती मला चिडवायची नाही.

व्यायामाच्या वेळी मात्र ती बाबांना घराबाहेर पाठवायची. एकदा बाबांनी तिला हातापायांवर उभी राहून पाठ वर-खाली करताना पाहिलं होतं आणि गोठ्यातल्या म्हशीचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून बाबांना बंदी होती.

आई चालायला लागली, चुलीपाशी बसायला लागली. पण वाकली की कंबर मध्येच धरायची आणि भिंतीचा आधार घेतल्याशिवाय तिला सरळ होता येत नसे. तिकडे पाऊस लागला. वाफ्यातली धानाची रोपं, आमच्याकडे त्यांना पऱ्हे म्हणतात, बोटभराची वीतभर झाली. आई रोज ओसरीवरून त्या हिरव्या तुकड्याकडे पाहायची.

एका संध्याकाळी मावशी आली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, या साली तू धुऱ्यावर बस. चहापानी पाह्य आमचं. पुढं मी लागतो. एका सालाची तर गोष्ट आहे."

मावशी मनापासूनच बोलली होती. तिचा हेतू वाईट नव्हता, हे आईलाही माहीत होतं. आई म्हणाली, "हाव, लाग ना." एवढंच. मावशी गेल्यावर मी तेल कोमट करून आणलं. त्या दिवशी आईने पोळीचं नाव काढलं नाही, कणकेचं नाही, माझ्या कॉलेजचं नाही. मी मुद्दाम विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाही." मला ते 'नाही' ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. चूळ भरली नाही. आई अंगणात सडा टाकून बसली होती. मी तिच्यासमोर वाकून आधी तिच्या पायांना हात लावला. तिला समजलं. तिने आतून चटई आणली आणि ती पालथी पडली. मी पाय धुतला, भिंतीला धरलं आणि तिच्या कमरेवर पाय टेकवला, अगदी नावापुरता. टेकवला की लगेच उचलत होतो. गावातल्या एवढ्या कमरांवरून फिरलेला पाय, पण त्या सकाळी त्याला जणू काही येतच नव्हतं.

"ठेव ना नीट," आई चटईत तोंड घालून म्हणाली. "विंचू बसल्यावानी काहून करून राहिला?"

मला हसू आवरेना आणि बोलता तर येत नव्हतं. मी नाकाने हसत, भिंतीला धरून, तिच्या कमरेवरून पाय खाली नेला. मग पुन्हा तिच्या पाया पडलो. आई उठून बसली आणि म्हणाली, "अंगठा बर्फावानी थंडा आहे तुझा. असं गावाले लावतं का?"

दवाखान्यात दाखवायला गेलो तेव्हा मी मॅडमना हे सांगून टाकलं. लपवणं बरं वाटेना.

"वजन टाकलं नाहीस ना अंगावर?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. नुसता टेकवला."

"आणि मालिश, व्यायाम बंद केले नाहीस?"

"नाही."

"मग पाय काय, डोकं पण लाव," मॅडम म्हणाल्या आणि आईला पुढे वाकायला लावलं. आई वाकली. अर्ध्यात थांबली, थोडी आणखी गेली, आणि भिंतीकडे हात न नेता वर आली. मॅडमनी परवानगी दिली, पण अटीवर. थोडं रोवून झालं की सरळ उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि मागे झुकायचं. पूर्ण दिवस करायचा नाही. जेवणानंतर घरी.

अट ऐकून आईचं तोंड उतरलं. त्याचं कारण मला रोवण्याच्या पहिल्या दिवशी कळलं. मी आणि बाबा धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या जुड्या बांधीत फेकत होतो. बाया ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या. त्या ओळीत जी मध्येच उभी राहते तिची काही खैर नसते. नवी सून असो की म्हातारी, बाकीच्या तिची कंबर, तिचं माहेर, तिचा नवरा, काही सोडत नाहीत. आणि आज सगळ्यांच्या आधी उभं राहायचं होतं ते पुढचीला.

मावशीने आपणहून कडेची जागा सोडली होती. आईने पहिलं रोप खोचलं. ओळ सुरू झाली. मी जुडी हातात धरून नुसता बघत होतो. आई रोवत गेली, रोवत गेली. थांबायची वेळ झाली असं मला वाटलं, पण ती वर येईना. मी धुऱ्यावरून हळूच म्हणालो, "आई." तिने ऐकलं नाही असं दाखवलं. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने.

ती चिखलातून सरळ झाली. दोन्ही मातकट हात कमरेवर ठेवले आणि मागे झुकली. चेहरा रागीट करून, आभाळाकडे बघत.

ओळीतून लगेच आवाज आला. "पाहा वो, डॉक्टरीन बाई विमान पाहून राहिली."

"पोरानं बोलावलं तिले, म्हनून उठली."

"दिसलं का मंग विमान?"

आई तशीच झुकून होती. "तुमाले नाही दिसत वाकल्या वाकल्या," ती म्हणाली. "उठून पाहा."

मावशी हसत हसत तिला चिडवायला उठली. तिनेही हात कमरेवर ठेवले, पोट पुढे काढलं, आईची नक्कल करत मागे झुकली. आणि तशीच राहिली. तिचं हसणं थांबलं.

"अवो बाई," ती म्हणाली.

मग तिच्या बाजूची उठली. मग तिच्या बाजूची. एकेक करून सगळी ओळ सरळ झाली, गुडघाभर चिखलात, कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे तोंड करून. कोणी कण्हत होतं, कोणी हसत होतं. बाबा माझ्याजवळ उभे होते. जुडी खाली ठेवून तेही हळूच मागे झुकले.

"झालं का?" आईने ओळीकडे न बघता विचारलं.

"थांब ना थोडं," मावशी डोळे मिटून म्हणाली.

आई थोडं थांबली. मग वाकली, आणि तिच्यामागून सगळ्या वाकल्या.