काटा हलतोय का?

"काटा हलतोय का?" कुठल्याही पडद्यासमोर आले की माझे एक जुने सहकारी पहिल्यांदा हेच विचारायचे. चष्मा कपाळावर, मान किंचित तिरकी.

आता मीही विचारते. नातीचा व्हिडिओ कॉल मधेच थांबला की ओरडते, "हल गं, हल!" ती म्हणते, "चिल आजी, नेट गेलं होतं."

वाघोलीच्या एका कंपनीत आम्ही सर्व्हर बनवायचो. कॅमेऱ्यांची चित्रं साठवायची आणि त्याच क्षणी पडद्यावर पोचवायची. ते पेट्या जोडायचे, आराखडा मी करायचे. तेव्हा मी चाळिशीतली. हुशार, आणि त्याहून जास्त स्वतःला हुशार समजणारी. असा नमुना तुम्हीही पाहिला असेल. आरशात नसेल, एवढंच.

विश्रांतवाडीच्या एका छोट्या रुग्णालयाचं काम आलं. दहा खोल्या, दहा कॅमेरे, टेबलाशी बसून सगळ्यांवर नजर ठेवणारी एक सिस्टर. डिस्क दमली की चित्र वेळेत यायचं नाही, पडदा काळा व्हायचा. मी युक्ती काढली: नवं चित्र येईपर्यंत शेवटचंच दाखवत राहायचं. गिऱ्हाईक खूश. मी तर पेढे वाटले.

त्यांनी पेढा हातातच धरला. "मॅडम, काळा पडदा बरा. तो निदान सांगतो, मला दिसत नाहीये."

"अहो, काळा पडदा विकत घेणार कोण?"

"पण झोपलेला माणूस आणि..." पेढा खिडकीत ठेवून गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तुळशीबागेतून दहा घड्याळं आणली आणि प्रत्येक खाटेमागे, कॅमेऱ्यात दिसेल असं, एकेक टांगलं. सिस्टरला बजावलं, "चेहरा नंतर. आधी सेकंदकाटा."

मी म्हटलं, "रुग्णालय आहे हो, रेल्वे स्टेशन नाही."

सगळे हसले. तेही हसले, जरा उशिरा.

वर्षं गेली. सिस्टर बदलत गेल्या; काट्याचं कुणी कुणाला सांगितलं नाही. मग छातीत दुखतं म्हणून तेच तिथे दाखल झाले, सात नंबरच्या खोलीत. मी मोसंबी घेऊन भेटायला गेले. नव्या सिस्टरने पडद्याकडे बोट दाखवलं. "बसा ना. काकांचा आत्ताच डोळा लागलाय. बघा, किती शांत!"

खरंच शांत. मी पाहत बसले. चित्र कसं लख्ख, कुठे काळा ठिपका नाही. मनात म्हटलं, काय काम केलंय मी!

मग नजर त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे गेली. तीन पस्तीस. माझ्या मनगटावर चार वाजत आले होते.

मी धावले. मोसंबी जिन्यात सांडली.

खोलीत भिंतीवरचा काटा टकटक हलत होता. तेवढाच.